वाटेवरचा ढीग

लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात, धान मळून झाल्यावर, नवऱ्याला जंगलातलं जुनं पडकं देऊळ पाहायची हुक्की आली. आमचा भाग नुकताच मुंबई राज्यात गेला होता, देऊळ मात्र सीमेपलीकडे मध्य प्रदेशात राहिलं होतं. चिचगडहून, माझ्या माहेरून, पाठीवर गाठोडी बांधून आम्ही दोघं पायी निघालो.

वाटेत वाळक्या काटक्यांचा मोठा ढीग लागला. मी एक डहाळी मोडून त्यावर टाकली. नवरा दवनीवाड्याचा, उघड्या धानशेतांतला माणूस.

"कायले टाकून रायली?"

वाघाने जिथे माणूस नेला, तिथे येणाऱ्या-जाणाऱ्याने डहाळी टाकायची, नाहीतर मेलेला मागे लागतो, असं माझ्या माहेरी मानत. मी सांगितलं, तर तो हसला. असल्या हसण्याचा मला अजूनही राग येतो. डहाळी त्याने टाकली नाहीच.

सीमेचा दगड ओलांडला. पुढे झाडांमधून देवळाचा काळा कळस दिसला आणि तिथेच वाटेवर दुसरा ढीग होता. ढीग कसला, चार-पाच डहाळ्या. त्यांची पानं अजून सुकलीही नव्हती.

या वेळी नवरा हसला नाही. त्याने मनगटाएवढी फांदी मोडून त्यावर ठेवली आणि देवळाकडे पाठ फिरवली.

"त्या जुन्या ढिगावर पण टाकू. चाल," तो हळूच म्हणाला.

परतताना मी पुढे होते. मागे वाळलं पान वाजत होतं. तोच चालतोय ना, हे मान वळवून बघायची माझी हिंमत झाली नाही.