हॉलमधली कॅरव्हॅन

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं काय केलं असेल, तर भरदुपारी हॉलमध्ये फरशीवर आडवे झालो. उशी नाही, चादर नाही. चंदेरी टेपने आखलेल्या पलंगावर बायको एका बाजूला, मी एका बाजूला. खाली थंडगार लादी, वर पंखा.

त्याचं असं झालं, मुलाने थंडीत कॅरव्हॅन भाड्याने घ्यायचं ठरवलं. म्हणजे चाकांवरचं घर. अल ऐनच्या बाहेर तळ्याकाठी सरकारी पार्क आहे. तिथे ती नेऊन उभी करायची, आत निजायचं, सकाळी उठून पाणी बघायचं. माझा जन्म अबू धाबीच्या टॉवरांत एसीची हवा नेणारे पत्र्याचे डक्ट बनवण्यात गेला. आजही त्या इमारतींकडे बघितलं की मला काचा दिसत नाहीत, आतले पत्रे दिसतात. आता मुलाच्या व्हिसावर त्याच्याकडे अल ऐनला असतो. नुसतं पाणी बघायला म्हणून आम्ही कधी कुठे गेलो नव्हतो.

बायकोने मात्र आपण फ्लॅटच घेतोय असं धरलं. मुलाने मोबाइलवर फोटो दाखवला, तर पहिला प्रश्न, संडास गॅसला चिकटून का? दुसरा, झोपताना डोकं उत्तरेला येतं का? मुलगा म्हणाला, आई, खाली चाकं आहेत, पाहिजे तशी फिरवू. ती म्हणाली, मग त्या कॅरव्हॅनवाल्याला आधीच सांगून ठेव.

मला फोटोवरून काही कळत नाही. कामावर आमची एकच पद्धत, मोठा डक्ट कापायच्या आधी पूर्ण मापाचं चित्र जमिनीवर काढायचं. मुलाकडून मापं घेतली, सोफा भिंतीला सारला आणि अख्खी कॅरव्हॅन हॉलमध्ये आखली. टेपही डक्टचीच, घरात पडून होती. दार, गॅस, सिंक, संडास, पलंग, पलंगाला लागून खिडकी. त्यानंतर बायको दारातूनच आत यायची. नात टेप ओलांडून आली, तर तिला परत पाठवायची.

मग मापाला म्हणून आडवे झालो आणि भांडण लागलं.

"तुमचे पाय गॅसवर आलेत," ती म्हणाली.

"गॅस बंद आहे."

"आणि खिडकीकडे मी. तुम्ही रात्री सारखे उठता. मला ओलांडून जाणार?"

मी सांगितलं, जन्मभर रेती बघितली, डोळे उघडल्यावर पाणी पहिलं मी बघणार. ती म्हणाली, आणि मी काय तुमच्यासोबत समुद्र बघत बसले होते? माझ्या किचनमधून पार्किंग दिसतं. मी हटलो नाही, ती हटली नाही. शेवटी म्हणाली, "उद्या बघू."

मग उठता येईना. दोघांचे गुडघे एकाच वयाचे. ती मला धरून उठायला बघतेय, मी तिला, आणि दोघंही परत आडवे. नात आली आणि म्हणाली, "आर यू गाइज ओके?" त्यावर बायकोला हसू फुटलं आणि उठणं आणखीनच अवघड झालं. शेवटी नातीने एकेकाला ओढून काढलं.

त्या संध्याकाळी तिच्या छातीत दुखायला लागलं. हॉस्पिटलात नेलं, पण परत घरी आणता आलं नाही. एवढंच लिहितो.

इथे माणसं भेटायला येतात तीसुद्धा ऑफिस सुटल्यावर, गळ्यात कार्ड तसंच. टेप काढायचं कोणाला सुचलं नाही, आणि सुचलं असलं तरी कोणी हात लावला नाही. त्यामुळे सगळे कॅरव्हॅनमध्येच बसायचे. बँकेतले एक पुणेकर साहेब सिंकमध्ये मांडी घालून आत्म्याबद्दल पुष्कळ बोलले. मी नुसतं सिंक बघत होतो.

माझा जुना सोबती आला. श्रीवर्धनकडचा मुसलमान, आम्ही वर्षानुवर्षं एका खोलीत काढली. मला मिठी मारून तो खाली बसला.

"भाई, तिथे संडास आहे."

त्याने खालची टेप बघितली. तोही डक्टचाच माणूस, त्याला काय ते कळलं. सरकला आणि म्हणाला, "इथे बसू?"

"तिथे ती झोपणार होती."

तो उठला. जाऊन दारात बसला. टेपला वीत लावून म्हणाला, "दरवाजा मोठा धरलायस." खरंच मोठा धरला होता.

तेरावं झालं आणि मुलगा नखाने टेप उकरायला बसला. ती टेप अशी निघत नसते. मी म्हटलं, हात लावू नकोस. तो म्हणाला, उद्या सकाळी कॅरव्हॅनवाल्याला नाही म्हणून कळवतो, आईशिवाय कुठे जायचं? सून म्हणाली, वर्ष पाळायचं असतं, दिवाळीसुद्धा करायची नाही, मग सहल कशी करायची? मी विचारलं, सहल सण आहे का? आणि तुझ्या सासूने थालिपिठांची भाजणी भाजून दळून ठेवलीय प्रवासासाठी म्हणून, कोणाला झाकण उघडू देत नव्हती, त्या डब्याचं काय करू?

याचा निकाल चिपळूणला. माझी मेव्हणी, बायकोची धाकटी बहीण, घराण्याचं सगळं शास्त्र तिच्याकडे. व्हिडिओ कॉल लावला. आधी ती रडली. मग विचारलं, तळ्यावर देऊळ आहे का, मटण शिजणार का, दिवे लावतात का? आणि निकाल दिला.

"जा. पण मजा करू नका."

मग आम्ही मजा न करण्याचं प्लॅनिंग केलं. मुलाचा बार्बेक्यू गेला. पत्ते गेले, गाणी गेली. थालिपिठं राहिली, लोणी गेलं. खुर्च्या न्यायच्या, पण मागे रेलायच्या नकोत, असं सून म्हणाली. नातीने विचारलं, "डज कयाकिंग काउंट?" मुलगा विचार करून म्हणाला, हळू वल्हवलं तर नाही. त्यावर सून हसली आणि चोरी केल्यासारखी ओढणी तोंडावर धरली. मी म्हटलं, हस गं, तळं अजून लांब आहे.

मग नातीने विचारलं, "हू गेट्स द विंडो?"

मुलाने फोन उचलला, परत खाली ठेवला. म्हणाला, "बाबा, खरंच जायचंय तुम्हाला? नाही म्हणालात तरी चालेल. सकाळी त्याला काहीतरी सांगावं लागेल."

इतका वेळ मीच सगळ्यांशी भांडत होतो. पण तो पलंग डोळ्यांसमोर आला.

"उद्या बघू," मी म्हटलं.

सकाळी चहाच्या आधी हॉलमध्ये गेलो. दारातून आत शिरलो, टेप ओलांडून नाही. गॅसला वळसा घातला, सोफ्याचा हात धरून खाली बसलो आणि आडवा झालो. आधी खिडकीकडे. तिथून टीव्हीच्या टेबलाचे पाय दिसतात आणि त्यांच्यामागची धूळ. तिने पडल्यापडल्याच फडका मागितला असता. मग सरकत सरकत बाहेरच्या बाजूला आलो. खिडकी मोकळी ठेवली. पाय गॅसवर आले ते येऊ दिले.

मुलगा फोन कानाला लावून आला. पलीकडून कॅरव्हॅनवाल्याचं हबीबी, हबीबी ऐकू येत होतं. मला बघून तो जागीच थांबला.

"सांग त्याला, येतोय," मी म्हटलं. "आणि डोकं उत्तरेला यायला नको. मग फोन ठेव आणि मला उठव."