सुनंदाच्या पुस्तकावरच्या चार ओळी

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्यालासुद्धा नाही. तुम्हालाच का सांगतेय — माहीत नाही. पण आता ते आत धरून बसवत नाही.

महाडात मी शिक्षिका आहे. पुस्तक वाचून झालं की त्यावर चार ओळी लिहायच्या आणि व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर टाकायच्या, ही माझी जुनी सवय. कधी भटकंतीचं पुस्तक, कधी भुताच्या गोष्टी, कधी वर्गातल्या पोरांकडून मागून आणलेलं कॉमिक — ‘दोन पानं हसवतं, तिसऱ्यावर गप्प करतं,’ असलं काहीतरी. लोक त्यावर भरवसा ठेवून पुस्तकं घ्यायचे. मला ते आवडायचं. जरा जास्तच.

सुनंदा माझ्या वाडीची. पोलादपूरच्या वरच्या डोंगरात आम्ही एका वर्गात होतो. दोघींच्याही घरी म्हशी. मी शिकून खाली आले, ती तिथेच नांदली. तिनं पदरमोड करून कवितांचं छोटं पुस्तक छापलं आणि पहिली प्रत मला आणून दिली. म्हणाली, “गोड नको लिवू गो. खरं काय हाय ते लिव.”

वाचलं. लगेच पुन्हा वाचलं. एका कवितेत शाळेतली मुलगी होती — अंगाला गोठ्याचा वास येतो म्हणून भिंतीकडेला एकटी बसणारी. ती मी होते! मीही कविता करायचे, चोरून. पण त्या वासाबद्दल एक ओळ लिहायची माझी छाती झाली नव्हती. आणि हिनं लिहून टाकलं होतं. मला तेव्हा काय झालं — हेवा? लाज? नाव देऊन काय होणार?

मी लिहिलं : ‘भावना प्रामाणिक आहेत. कविता मात्र अजून व्हायची आहे.’

लोकांनी अंगठे टाकले. महाडातल्या पुस्तकांच्या दुकानात ठेवलेल्या तिच्या प्रती तशाच पडून राहिल्या. मग तिचा फोन आला. वाटलं, भांडेल. — भांडली असती तर?

“बरं झालं तू सांगितलंस,” ती म्हणाली. “बाकीची तोंडावर गोड बोलली असती, नि मी येडी लिवतच बसले असते.”

तेव्हा एक वाक्य पुरलं असतं. मी विचारलं, “जेवलीस का?”

त्यानंतर तिनं लिहिलं नाही.

गेल्या महिन्यात ती लेकीला घेऊन घरी आली. लेक कॉलेजात जाते, मोबाइलवर कविता लिहिते. “वाच गो,” सुनंदा म्हणाली. “हिला सांगितलाय, माझी मैत्रीण खोटं बोलत नाय.”

वाचल्या. चांगल्या आहेत म्हणाले — होत्याच. पोरगी लाजून खाली बघायला लागली. सुनंदा मात्र खुशीत हसली.

“ही कुणावर गेली, देव जाणे,” ती म्हणाली.

मी चहा टाकायला आत निघून गेले.