पडद्यावरच्या तीन टिकल्या

इरावतीला त्या दिवशी स्वतःचीच किळस आली. तिच्या बॉसची, शार्दूलची, तर रोजच यायची.

शहरातल्या स्नेहलतागंज भागातल्या एका कंपनीत इरावती सॉफ्टवेअरचं रूप ठरवते, म्हणजे बटण कुठे नि रंग कोणता. एका शेती-प्रयोगशाळेसाठी त्यांनी सॉफ्टवेअर केलं होतं. सांवेरच्या शेतांतून आलेल्या सोयाबीनच्या मुळांचे फोटो टाकायचे, मुळांवरच्या गाठी ते मोजून देतं. किती गडद दिसली म्हणजे गाठ धरायची, ते एक स्लायडर सरकवून ठरवायचं. आणि दोन महिन्यांचे सगळे आकडे चुकले!

"ऑपरेटरची चूक," शार्दूल म्हणाला. "तेवढं लिहून आण. बाईचं वय झालंय, दुसरं काय!"

जिभेला काही हाड! ती बाई म्हणजे प्रयोगशाळेतल्या प्रेमलताजी, तेवीस वर्षं सुईच्या टोकाने गाठी मोजलेल्या. नोकरी कंत्राटी, आणि कंत्राट याच महिन्यात संपणार. 'ऑपरेटरची चूक' असा कागद गेला की बाई घरी.

इरावती प्रयोगशाळेत पोचली तर मॉनिटरवर तीन टिकल्या. लाल, हिरवी, मरून.

"ह्या कशाला, प्रेमलताजी?"

"अगं बेटा, सोयाबीनच्या तीन वाणांसाठी स्लायडरच्या तीन जागा. तुमचं सॉफ्टवेअर बंद केलं की सगळं भूलतं. आकडा तर तिथे दिसतच नाही. मग मी टिकल्या चिपकवल्या. एकदम बढिया चालत होतं."

"होतं?"

"मग नवा मॉनिटर आला, मोठा. मी काठापासून बोटं मोजून तशाच लावल्या. पाच, आठ, अकरा." आणि मग हळूच, "मोठ्या पडद्यावर बोटांचं मापही बदलतं, हे माझ्या ध्यानातच नाही आलं गं. चूक माझीच. मी सही करून ठेवली आहे."

खरंच, टेबलावर शार्दूलने धाडलेला, चुकीचं कारण लिहायचा कोरा फॉर्म होता आणि खाली बाईंची वळणदार सही.

स्लायडरवर आधी आकडा होता. 'नीटनेटकं दिसतं' म्हणून इरावतीनेच तो काढला होता आणि त्याबद्दल टाळ्याही घेतल्या होत्या. जागा लक्षात ठेवायचं काम 'पुढे बघू' म्हणून तिनेच ढकललं होतं. वर्षभर सॉफ्टवेअर केलं, पण या खोलीत एकदाही पाय ठेवला नाही. शी! आणि वर ही बाई माफी मागते!

तिने फॉर्म टराटरा फाडला. सोबतच्या दुसऱ्या कोऱ्या फॉर्मवर कारण लिहिलं: 'स्लायडरवरचा आकडा मी काढला. सॉफ्टवेअर जागा विसरतं. ऑपरेटरची चूक नाही.' खाली स्वतःचं नाव लिहून सही केली आणि फोटो काढून प्रयोगशाळेच्या साहेबांना नि शार्दूलला एकदमच पाठवला.

लगेच शार्दूलचा फोन आला. "डोकं फिरलंय का तुझं? आपल्याच गळ्यात बांधतेस?"

"आपलंच आहे ते," म्हणून तिने फोन ठेवला.

प्रेमलताजींनी खुर्ची रिकामी केली. "फोटो सगळे जपून आहेत. दोन महिन्यांचे पुन्हा मोजू. तू बस, मी बाजूला बसून सांगते."

इरावती बसली. पहिल्या वाणाची जागा हुडकायलाच अर्धा तास गेला. तेवढ्यात सॉफ्टवेअर अडकलं. बंद करून उघडलं, तर स्लायडर पुन्हा डाव्या टोकाला!

"शी, काय घाणेरडं आहे हे!" ती ओरडली.

प्रेमलताजींनी ड्रॉवर उघडला आणि टिकल्यांचं पाकीट तिच्यापुढे सरकवलं.