बाबांच्या पायातली नळी

बाबांच्या डाव्या पायात जांघेपासून गुडघ्याखालपर्यंत एक कृत्रिम नळी आहे. विड्या ओढून ओढून मूळची रक्तवाहिनी बुजली, म्हणून डॉक्टरांनी रक्ताला ही दुसरी वाट काढून दिली. घरी सोडताना ते म्हणाले, "रोज चालायचं. दुखलं की थांबायचं, पुन्हा चालायचं." मी मान डोलावली, वहीत लिहूनही घेतलं.

आणि घरी आणून बाबांना बसवून ठेवलं.

झालं असं, की दुसऱ्याच दिवशी आमच्या कात्रजच्या गल्लीत उखडलेल्या फरशीला अडखळून ते पडता पडता वाचले. माझा जीव खाली-वर झाला. आई नाही, भावंड नाही. हा एकच माणूस मला उरलेला. मी त्यांचे बूट उचलून माळ्यावर टाकले. चहा हातात, ताट हातात, पेपर हातात. शेजारच्या काकू म्हणाल्या, "मुलगी असावी तर अशी!" ते मला गोड लागलं, खोटं कशाला बोलू. बाबा मात्र एकदा म्हणाले, "माझा गणपतीच बसवलायस तू. दीड दिवसाचा की दहा दिवसांचा, तेवढं सांग." सगळी नोकरी बसमध्ये कंडक्टर म्हणून उभ्याने काढलेला माणूस तो. मी हसले आणि त्यांच्या पाठीमागची उशी नीट केली.

आता माझी नोकरी सांगते, म्हणजे माझा मूर्खपणा नीट कळेल. शहराच्या दुसऱ्या टोकाला एका प्रयोगशाळेत मी अशाच नळ्यांच्या आतल्या बाजूला पेशी वाढवते. नळीतून पंपाने पोषक द्रव अखंड फिरवावा लागतो, रक्त फिरतं तसा. प्रवाह चांगला असला की पेशी लांबट होऊन, चटईच्या काड्यांसारख्या एका दिशेने गुमान पडून राहतात. प्रवाह मंदावला की त्यांचं बिनसतं. त्यांच्या खालच्या थरातल्या पेशी वाढत सुटतात, थरावर थर चढतो आणि नळी आतून अरुंद होत जाते. हे सगळं मी बाबांना जेवताना मोठ्या कौतुकाने सांगितलं होतं.

एका रविवारी सकाळी पंप बंद पडल्याचा फोन आला. अर्धा चहा तसाच टाकून मी निघाले. दारातून ओरडले, "बाबा, मी येईपर्यंत उठू नका हं!" स्वारगेटच्या सिग्नलला तर मला रडूच यायला लागलं, माझ्या पेशींचं काय झालं असेल म्हणून. पंप पुन्हा सुरू झाला तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला. दुपारी घरी आले तर बाबा त्याच खुर्चीत, गुडघे मुडपून, तसेच बसलेले. मला समाधान वाटलं.

पुढच्या तपासणीला सोनोग्राफी करताना डॉक्टरांचा हात गुडघ्याखाली, नळी रक्तवाहिनीला जोडली होती तिथे, बराच वेळ थांबला. तिथे नळी आतून अरुंद व्हायला लागली होती. "बसून राहिल्यामुळे?" मी विचारलं. "तसं नक्की सांगता येत नाही," ते म्हणाले. "इतरही कारणं असतात. पण चालायला सांगितलं होतं ना?" आणखी अरुंद झाली तर पुन्हा शस्त्रक्रिया, आणि बंदच पडली तर पाऊल वाचेल याची खात्री नाही.

रिक्षात बाबा बाहेर बघत म्हणाले, "नळ्यांसाठी रविवारी धावत जातेस. एक नळी घरातच होती की." रागाने नाही, तिकीट फाडून हातात द्यावं तसं. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. मला माझीच लाज वाटली, आणि ती अजून गेलेली नाही.

त्याच संध्याकाळी बूट खाली काढले. त्यांच्यावर धूळ बसली होती. आता रोज सकाळी आम्ही दोघं कात्रजच्या तलावाच्या कडेने चालतो. पोटरी भरून आली की बाबा कठडा धरून थांबतात, ओठ आवळतात, आणि थोड्या वेळाने स्वतःलाच म्हणतात, "चला, पुढे सरका." 'बसा ना जरा' हे माझ्या ओठांवर येतं, ते मी गिळते. घरी आल्यावर त्यांची दोन्ही पावलं हातात घेऊन बघते. डावं अजून गारच लागतं.