गवंड्याची टोपी

कुणाच्याही घरी गेले की मिस्त्री आधी भिंतीवर बोटांची पेरं वाजवायचे, कान लावायचे आणि मगच बसायचे. "भित बोलती, सर. मालकापरास खरं बोलती," हे त्यांचं ठरलेलं. माझ्या घरी पहिल्यांदा आले तेव्हा बैठकीची भिंत वाजवून म्हणाले, "गिलावा पोकळ हाय. पर बसायला हरकत न्हाई."

पानशेतच्या धरणाकाठी पुण्याच्या लोकांनी उठवलेले बंगले तुम्हीही पाहिले असतील. शनिवारी गाणी, सोमवारी कुलूप. त्यातले कितीतरी यांच्या हातचे. गाव पासली. सगळे त्यांना मिस्त्री म्हणत. निवृत्तीनंतर मी तिथे मंगळवारी दुपारी, गिऱ्हाईक नसतं तेव्हा, हॉटेलांतल्या वेटरांना आणि बंगल्यांच्या राखणदारांना इंग्रजी शिकवायचो. साठी उलटलेले मिस्त्री एक दिवस येऊन पहिल्या बाकावर बसले. "आपल्याच भितीबद्दल आपल्याम्होरं विंग्रजीत काय बोलत्यात, ते कळाया पायजे."

पुढे पुस्तकात नव्या घराच्या पार्टीचा धडा आला. तिकडे पाहुणे पाव आणि मीठ घेऊन जातात. या घरात अन्न कमी पडू नये, जगण्याला चव राहावी, असा त्याचा अर्थ. मी तो समजावला आणि अशा वेळी म्हणायची चार वाक्यं फळ्यावर लिहिली. मिस्त्रींनी हात वर केला.

"सर, त्यात गवंड्याला काय देत्यात?"

"काही नाही."

"मग वास्तू शांत कशी हुती?"

वर्ग हसला. मीही हसलो. आपल्याकडे वास्तुशांतीला मालक गवंड्याला पाटावर बसवतो, कुंकू लावतो आणि चार माणसांत टोपी-टॉवेलाचा आहेर करतो, हे मला ठाऊक होतं. मिस्त्रींच्या लेखी मात्र तो आहेर झाल्याशिवाय गवंड्याचा हात त्या घरावरून निघतच नव्हता. तेव्हा त्यांच्याकडे धरणाकाठच्या एका बंगल्याचं काम होतं. गुडघे गेले होते. "ही टोपी घेतली की थापी ठिवली," असं ते म्हणायचे. दुसरी कसलीच अपेक्षा नव्हती त्यांची.

मालकाने वास्तुशांत केली नाही, पार्टी ठेवली. 'तुम्ही पण या,' असा मिस्त्रींना मोबाईलवर निरोप आला. ते माझ्याकडे आले. "तुमी संगं चला, सर. वाक्य अडाकलं तर."

ते आले इस्त्रीचा पांढरा सदरा घालून. हातातल्या फडक्यात तांदळाच्या दहा भाकरी आणि मिठाची पुडी. धड्यातला पाव त्यांनी बायकोकडून पहाटे थापून घेतला होता.

दारात त्यांनी फळ्यावरचं इंग्रजी वाक्य म्हटलं, एकही चूक न करता. मालकाच्या मित्रांनी मोबाईल काढले. "काका, परत बोला ना!" त्यांनी परत म्हटलं. तिसऱ्यांदाही म्हटलं. त्यांना वाटलं, लोकांना आवडलं. ते खिदळणं आठवलं की आजही मला किळस येते. मालकिणीने फडकं दोन बोटांच्या चिमटीत धरून आत नेलं. थोड्या वेळाने मागच्या अंगणात त्यांचं गुबगुबीत कुत्रं भाकरी नुसतीच हुंगत होतं.

मिस्त्री भिंतीपाशी उभे होते. मालक जवळ आला की डोक्यावरची जुनी टोपी काढून खिशात घालायचे. तो पुढे गेला की पुन्हा घालायचे. असं दोनदा झालं. तिसऱ्या खेपेला मालक थांबला. "मिस्त्री, आलाच आहात तर वरच्या बाथरूममध्ये ओल येतेय, तेवढी बघून घ्या."

मिस्त्रींनी सदरा काढून दाराच्या कडीला अडकवला आणि बनियनवर जिना चढून गेले.

आणि मी? मी बशी धरून पनीर खात होतो. त्या माणसाला त्याच्याच इंग्रजीत चार शब्द सुनावता आले असते, जन्मभर तीच तर भाषा शिकवली. तो म्हणाला, "सर, तुम्ही आलात, बरं वाटलं," आणि मी थँक यू म्हणालो. त्याचा मला राग येतो. शिसारी येते ती माझी.

परतताना ते माझ्या मोटारसायकलवर मागे बसले. वेल्ह्यात उतरले. "तुमी व्हा म्होरं. मला बाजारात जरा काम हाय. मग यष्टीनं जातो."

वर्गाला ते पुन्हा आले नाहीत. यंदा भातकापणीच्या सुमारास ते गेल्याचं कळलं, तेव्हा मी पासलीला गेलो. त्यांच्या बायकोने मला ओळखलं.

"तुमच्यासंगं त्या पार्टीला गेल्ते, तवा लई खुशीत आले बघा. मालकांनी समद्या सायबांम्होरं पाटावर बसवून टोपी घातली म्हने. आल्यागेल्याला तेच सांगायचे. तीच टोपी घालून धाडलं त्यास्नी." तिने पदराने डोळे पुसले. "तुमी हुताच की तितं. कशी दिसत हुती वो?"

"छान दिसत होती," मी म्हणालो. "अगदी मापाची होती."