उल्काताईंचा ठिपका

आमचे हे, विश्वनाथ, वीज कंपनीतून निवृत्त झाले आणि स्कारबरोतल्या आमच्या बेसमेंटमध्ये बसून ब्लॉग लिहू लागले. विषय, कॅनडातले मराठी ज्येष्ठ नागरिक. २०१६ साली त्यांना नकाशे आणि आलेख फुकट काढून देणारं एक सॉफ्टवेअर सापडलं आणि मग काही विचारू नका. माझ्या हळदीकुंकवाला कोण किती वाजता आलं, याचाही रंगीत आलेख झाला. मी डोक्याला हात लावला.

पुढे त्यांनी ब्लॉगसाठी आमच्या मराठी मंडळात पाहणी घेतली. एकटे राहता का, मुलं फोन करतात का, असले प्रश्न. नाव लिहायचं नाही, फक्त पोस्टल कोड. त्याच्याही सहापैकी पहिली तीन अक्षरं पुरेत, नुसता भाग कळला की झालं, असं मी सुचवलं.

"अर्धवट माहिती काय कामाची? अ‍ॅक्युरसी नको का?" हे म्हणाले. जन्मभर इंजिनिअर राहिलेल्या माणसापुढे कोण बोलणार.

उत्तरांचा नकाशा देखणा झाला, प्रत्येक घराचा एक ठिपका. ठिपक्यावर माउस नेला की त्या घरातली उत्तरं दिसत. मंडळातल्या लोकांनी आधी आपला ठिपका शोधला, मग दुसऱ्यांचे. इथला पोस्टल कोड म्हणजे रस्त्याची जेमतेम एक बाजू, आणि मंडळातल्याच उल्काताईंच्या रस्त्यावर दुसरं मराठी घरच नाही. त्यांच्या ठिपक्यात होतं: एकटी राहते. मुलगा फोन करत नाही.

आम्हा सगळ्यांना मात्र त्या सांगत आल्या होत्या, की तिकडे पश्चिम टोकाला कोक्विटलामला राहणारा त्यांचा मुलगा नंदन दर रविवारी फोनवर तासभर बोलतो.

कळलं तसा ह्यांनी नकाशा काढून टाकला, पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. उल्काताई मंडळात यायच्या बंद झाल्या. ह्यांना जेवण जाईना. "विश्वासाने खरं लिहिलं बिचारीने, आणि मी ते चव्हाट्यावर मांडलं," एवढंच सारखं म्हणत. मलाही राग होता, पण तो चेहरा बघून गिळला. शेवटी मीच त्यांना उल्काताईंकडे घेऊन गेले.

त्यांनी चहा केला. हे माफी मागायला तोंड उघडणार, तेवढ्यात फोन वाजला.

"हो, जेवले. हो, गोळी घेतली. ओके, बाय."

त्यांनी फोन ठेवला. "नंदन. त्याला कोणीतरी तुमची लिंक पाठवली. आता रोज करतो."

ह्यांचा जीव भांड्यात पडला. "म्हणजे निदान काहीतरी चांगलं झालं."

उल्काताईंनी त्यांच्यापुढे चिवड्याची बशी सरकवली.

"लोक बघतायत म्हणून करतो हो, भावजी. इतके दिवस तो बिझी आहे, असं मला स्वतःला सांगता तरी येत होतं."