हरकत कुणाचीच नव्हती

"आधीच सांगून टाकतो हं," असं म्हणत काका किल्ल्यांचा जुडगा या हातातून त्या हातात टाकायचे आणि कुणी न विचारलेली एखादी गोष्ट सांगून मोकळे व्हायचे.

डोंबिवलीत आमच्या सोसायटीत पार्किंगवरून दोघांचं जुंपलं तेव्हा मिटिंगमध्ये निवाडा काकांवर सोपवला गेला. काका उठले. "आधीच सांगून टाकतो. या पाटलांच्या मुलीच्या हळदीला मी पोटभर जेवलोय, आणि नायरांचं ड्रिल मशीन अजून माझ्या घरी पडलंय. आता बोला, मी चालतो का?"

"काका, तुम्ही तर दोन्हीकडून फुटलात!" मागून कुणीतरी ओरडलं. पाटील मात्र वैतागले. "जेवलास त काय झाला? बस नं सांग."

काका बसले नाहीत. ते कुठेच बसायचे नाहीत. चहा उभ्याने, बातम्या उभ्याने, फोनवर बोलायचं तर हॉलमधून स्वयंपाकघरात आणि परत. त्यांच्या खालच्या मजल्यावर आम्ही राहायचो, त्यामुळे काका घरात आहेत की नाहीत हे आम्हाला छताकडूनच कळायचं.

तुम्ही म्हणाल, पार्किंगच्या भांडणात एवढा सोवळेपणा कशाला? त्याचं कारण काकांचा नवा उद्योग. सारी नोकरी केमिकल प्लांटमध्ये काढलेल्या या माणसाने, ज्या वयात लोक गुडघ्यांना तेल चोळत बसतात त्या वयात आर्बिट्रेशनच्या परीक्षा दिल्या होत्या. आर्बिट्रेशन म्हणजे आपला लवाद. एक कंपनी इथली, दुसरी परदेशातली, व्यवहार फिसकटला. एकाला दुसऱ्याच्या देशातल्या कोर्टावर भरवसा नाही. मग दोघं आधीच करारात लिहून ठेवतात, की भांडण झालंच तर अमुक संस्थेकडे जायचं. ती संस्था नियम घालून देते, आर्बिट्रेटर नेमते आणि त्याने दिलेला निकाल दोघांनी मानायचा. अशा एका संस्थेच्या पॅनेलवर काकांचं नाव होतं.

"कोर्टात जज आपल्या वाट्याला येतो," काका सांगायचे. "इथे आपण निवडतो. मग निवडलेल्या माणसाने आधी खिसे उलटे करून दाखवायला नकोत? कुणाकडे जेवलास, कुणाला ओळखतोस, सगळं."

नाव पॅनेलवर होतं, पण काम येत नव्हतं. मोठी प्रकरणं निवृत्त न्यायाधीशांकडे जायची. काका दिवसभर फोनवर मेल उघडून बघायचे आणि मला जिन्यात गाठून विचारायचे, "अगं, इथे रेंज नाही का?" रेंज उत्तम होती. मला त्यांचा रागही यायचा आणि वाईटही वाटायचं. एकदा मी विचारलंच, की पेन्शन आहे, तब्येत बरी आहे, तर ही वणवण कशासाठी?

"माझा बाप वागळे इस्टेटमध्ये हमाली करायचा," काका म्हणाले. "त्याच्याबद्दलचे सगळे निर्णय तो बाहेर उभा असताना आत झाले. मला एकदा दोघांनाही आत बसवून ऐकायचंय. एकदाच. मग मी गप्प बसतो."



माझं सांगायचं तर मी केमिकल इंजिनियर झाले ती काकांमुळे. काकू आजारी होत्या तेव्हा माझी आई रोज वर डबा पाठवायची. डबा मी नेऊन द्यायचे आणि परत येताना काका मला एखादं गणित समजावून द्यायचे. काकू गेल्या, डबा थांबला, गणितं चालूच राहिली. पुढे मी मानपाड्याच्या एका कारखान्यात लागले.

आमच्या कारखान्यात, माझ्याच विभागात, परदेशातून एक रिअ‍ॅक्टर आला होता. रिअ‍ॅक्टर म्हणजे आतून काचेचा थर दिलेलं लोखंडाचं अवाढव्य पातेलं. काही महिन्यांत तो थर तडकला. आमची कंपनी म्हणाली माल सदोष, तो बनवणारी कंपनी म्हणाली तुम्हाला वापरता आला नाही. करारानुसार प्रकरण काकांचं नाव होतं त्याच संस्थेकडे गेलं. नावं सांगणार नाही. गुप्तता पाळायची असते, हेही काकांनीच शिकवलंय.

त्याच सुमारास काका मला टाळायला लागले. मी जिन्यात दिसले की काहीतरी विसरल्यासारखं करून मागे फिरायचे. लिफ्टला नावं ठेवणारा माणूस लिफ्टने जाऊ लागला. आईने विचारलं, "तू काही बोललीस का गं त्यांना?" मी काहीच बोलले नव्हते. छतावरची पावलं मात्र पूर्वीपेक्षा जोरात चालली होती.

उलगडा झाला तो मॅनेजरच्या केबिनमध्ये. "तुझ्या बिल्डिंगमधल्या काकांना संस्थेने आपल्या मॅटरमध्ये आर्बिट्रेटर म्हणून प्रपोज केलंय. एकटेच निकाल देणार," ते म्हणाले. "आणि या माणसाने काय कळवलं असेल? तू खाली राहतेस, तुझ्या आईचा डबा त्यांनी खाल्लाय, तू त्यांना मुलीसारखी आहेस. कोण विचारायला आलेलं यार?"

मला वाटलं, संपलं. पण आमच्या कंपनीने हरकत घेतली नाही, आणि आश्चर्य म्हणजे समोरच्यांनीही नाही. शेजार आहे, असू दे, काचेच्या रिअ‍ॅक्टरमधलं एवढं कळणारा माणूस कुठे मिळणार, असं त्यांचं म्हणणं होतं. संस्था नेमणूक करणार, एवढ्यात काकांनी स्वतःच नकार कळवला.

मी तरातरा वर गेले. "काका, कुणाचीच हरकत नव्हती!"

"माझी होती ना."

"शेजारी राहणं हा काय गुन्हा आहे?"

काका खिडकीपासून दारापर्यंत गेले, परत आले. "शेजार चालतो गं. डबाही चालतो, तो लिहून कळवता येतो. पण तुला साक्षीला बोलावणार. तू समोर बसून एक वाक्य बोललीस, की माझ्यापुरता विषय संपला. नंतर दुसरी बाजू बोलेल, मी मान हलवेन, पण ऐकत नसेन. मग माझ्या बापाच्या वेळी काय वेगळं झालं होतं?"

माझ्या शब्दावर कुणाचा इतका विश्वास आहे हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं, आणि त्यापायी त्यांच्या हातचं एकुलतं एक काम गेलं होतं. मी रडायला लागले. काका घाबरले. "अगं, रडतेस काय, चहा घे," म्हणाले आणि उभ्याउभ्याच आधण ठेवलं.

त्यानंतर त्यांना संस्थेची मेल आली नाही. ते मेल बघत राहिले. पुढे एका सकाळी त्यांच्या छातीत दुखायला लागलं. अ‍ॅम्ब्युलन्सने शीळफाटा ओलांडायच्या आतच काका गेले. बुद्धविहारात शोकसभा झाली, माणसं त्यांच्याबद्दल भरभरून बोलली.

सुनावणी त्यानंतर झाली. आर्बिट्रेटर तिसऱ्याच देशातले, सभ्य, अभ्यासू गृहस्थ होते. दोन्ही पक्षांशी आपला काहीही संबंध नाही, असं त्यांनी आधीच कळवलं होतं. माझ्या उलटतपासणीत समोरच्या वकिलांनी रिअ‍ॅक्टर गार करायच्या पाण्याबद्दल विचारलं. मी जे पाहिलं होतं ते सांगितलं. रिअ‍ॅक्टर अजून तापलेला असताना आमच्याच माणसांनी घाईने त्याच्या बाहेरच्या कप्प्यात गार पाणी सोडलं होतं. तापलेल्या काचेचं काय होतं हे घरात चहा करणाऱ्यालाही ठाऊक असतं.

आमच्याच वकिलांनी विचारलं, "मॅडम, तुम्ही नक्की हाच रिअ‍ॅक्टर पाहिलात?" मी हो म्हटलं. मग त्यांनी तारीख, पाळी, उजेड किती होता, सगळं पुन्हा विचारलं. मग आर्बिट्रेटर स्वतः पुढे झुकले. समोरच्या पक्षाने मला काही कबूल केलंय का, माझा कंपनीवर राग आहे का, असं त्यांनी अगदी शांतपणे विचारलं. त्यांचं काही चुकत नव्हतं. स्वतःच्या कंपनीविरुद्ध बोलणाऱ्या बाईवर अनोळखी माणसाने विश्वास का ठेवावा?

मी उत्तर दिलं. परत दिलं. तिसऱ्यांदा देताना कुणीतरी माझ्यापुढे पाण्याचा ग्लास सरकवला.

काकांनी एकदाच विचारलं असतं.